मिरजेच्या तंबोऱ्यांचे आवाज, टर्मिनलमधून: प्रकल्प नोंदी

सांगली. मिरजेच्या कारागिरांकडे तयार होणाऱ्या तंबोऱ्यांची जवारी (तारेचा झणकारता, स्वरांशांनी भरलेला नाद) कोणत्या टप्प्यावर कशी बोलते, याच्या ध्वनिमुद्रणांचा हा संच. ऐकणारे चार ठिकाणी आहेत: सांगली, कऱ्हाड, सातारा आणि पुणे. त्यांच्यापर्यंत फाइल एकही बाइट न बदलता पोचवायची. सगळं टर्मिनलमधूनच (कमांड टंकायच्या खिडकीतून) करायचं, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणी काम हाती घेतलं तरी त्याच कमांड चालतील. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टंकताना रोमन लहान अक्षरं वापरायची. 'मोठा' म्हटलं असेल तिथे मोठं अक्षर.

४ जुलै २०२५

मुद्रण ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ. हिशोब असा: ९६,००० × ३ बाइट × २ चॅनल = सेकंदाला ५,७६,००० बाइट. म्हणजे मिनिटाला ३४.५६ एमबी, तासाला २.०७ जीबी. साध्या वेव्ह फाइलमध्ये आकाराचा आकडा ३२ बिटांत लिहिलेला असतो, त्यामुळे ती सुमारे ४.२९ अब्ज बाइटच्या पुढे जाऊ शकत नाही. या दरानं ती हद्द २ तास ४ मिनिटांत येते. म्हणून सलग बैठक दीड तासाला तोडायची.

एमपी३ कुणालाही पाठवायची नाही, 'नुसतं ऐकायला' म्हणूनसुद्धा नाही. जवारीचं मर्म वरच्या स्वरांशांत असतं. घोडीच्या किंचित गोलाईवर तार टेकत-सुटत राहते, आणि तारेखालचा दोरा केसभर सरकला की वरच्या स्वरांशांची रांग बदलते. एमपी३ची कात्री आधी तिथेच चालते. मेसेजिंग ॲपमध्ये ऑडिओ म्हणून जोडलं तरी बहुतेक वेळा तेच होतं. दोन जवाऱ्यांतला फरक ऐकवायचा आणि तोच फरक वाटेत कापायचा, याला अर्थ नाही.

म्हणून फ्लॅक: आवाजातलं काहीही न गाळता फाइल दाबणारा प्रकार. फ्लॅक कमांडला '-८' आणि '-मोठा व्ही' द्यायचं. दुसरा पर्याय महत्त्वाचा: दाबताना लगेच उलगडून मूळ आवाजाशी ताडून पाहिलं जातं. फाइल साधारण निम्मी ते दोन-तृतीयांश होते. पत्र्यावर पाऊस वाजत असताना मुद्रण केलं तर तेवढी घट मिळत नाही, कारण गोंगाटात दाबण्याजोगा नियमितपणा नसतो. पावसाळ्यात मुद्रणाची वेळ निवडताना हेही धरायचं.

लाइनचा अपलोड १० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला १.२५ एमबी. तासाभराची कच्ची वेव्ह वर चढायला २८ मिनिटं लागतात, तेही वीज आणि लाइन टिकली तर. पुढचे बरेच निर्णय या 'तर'मुळे झाले आहेत.

७ जुलै

साधन निवडण्याआधी तीन प्रश्न ठरवले. समोरचा माणूस आत्ता संगणकापाशी बसला आहे का? एकालाच द्यायचं की अनेकांना? लिंक किती दिवस चालायला हवी? या उत्तरांवर साधन ठरतं, आवडीवर नाही.

सांगलीतल्या एकाच वायफायवर असलेल्यांसाठी पायथनचा अंगभूत सर्व्हर पुरेसा आहे: 'पायथन३ -एम एचटीटीपी.सर्व्हर ८०००'. मात्र तो सगळ्या नेटवर्क जोडण्यांवर ऐकतो, पासवर्ड मागत नाही आणि ज्या फोल्डरमधून सुरू केला त्याची पूर्ण यादी दाखवतो. होम फोल्डरमधून कधीही सुरू करायचा नाही. '--डिरेक्टरी' देऊन वेगळा फोल्डर आणि '--बाइंड' देऊन एकच पत्ता नेमून द्यायचा. दुसरी अडचण अशी की तो रेंज विनंती (फाइलचा ठरावीक भागच मागणं) मानत नाही. डाउनलोड अर्ध्यावर तुटलं आणि कर्लला (टर्मिनलमधून डाउनलोड करणारी कमांड) '-मोठा सी -' देऊन पुढे न्यायला गेलं, की कर्ल ३३ क्रमांकाची चूक देऊन थांबतं. मोठी फाइल त्यावरून द्यायची नाही.

हाच सर्व्हर बाहेरगावच्यांना दिसत नाही. राउटरच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या जोडणीचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात दिसला, तर ग्राहक कॅरियर-ग्रेड नॅटच्या, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटणाऱ्या कंपनीच्या व्यवस्थेच्या, मागे आहे असं समजायचं (हा पट्टा २०१२ मध्ये त्यासाठीच राखून ठेवला गेला). अशा वेळी राउटरवर पोर्ट उघडून उपयोग नाही, कारण सार्वजनिक पत्ता आपल्या राउटरचा नसतोच. म्हणून भाड्याचा एक लहान सर्व्हर आणि त्यावर एन्जिनएक्स (लिंकवरून फाइली देणारा वेब सर्व्हर). आपण आरसिंकनं (फाइली दुसऱ्या संगणकावर नेणारी कमांड) चढवायचं, बाकीच्यांनी लिंकवरून उतरवायचं.

१२ जुलै

आरसिंकची कमांड आज पक्की केली. 'आरसिंक -ए -व्ही', जोडीला '--पार्शल-डिर=.आरसिंक-पार्शल', '--चमॉड=डी७५५,एफ६४४' आणि '--बीडब्ल्यूलिमिट=८००'. प्रत्येकाचं कारण लिहून ठेवतो, नाहीतर पुढचा माणूस 'हे कशाला' म्हणून काढून टाकेल.

नुसतं '-मोठा पी' दिलं की तुटलेला तुकडा जपून ठेवला जातो, पण तो खऱ्या नावानं. त्या क्षणी कुणी लिंक उघडली तर एन्जिनएक्स अर्धी फाइल पूर्ण असल्यासारखी देतो: उत्तर २०० (सगळं ठीक), डाउनलोड १०० टक्के, आणि आवाज मध्येच तुटलेला. घेणाऱ्याला शंका यायचं कारणच उरत नाही. पार्शल-डिर दिल्यावर तुकडा टिंबानं सुरू होणाऱ्या फोल्डरमध्ये पडून राहतो आणि फाइल पूर्ण चढल्यावरच खऱ्या नावाला येते. एन्जिनएक्समध्ये टिंबानं सुरू होणारं काहीही नाकारायचा नियम सोबत घातला आहे.

चमॉड यासाठी की घरच्या संगणकावर फाइलची परवानगी ६०० (फक्त मालकापुरती) असली तर '-ए' ती तशीच वर नेतो आणि एन्जिनएक्स ४०३ (परवानगी नाही) देतो. लिंक बरोबर, फाइल जागेवर, तरी दार बंद. असा ४०३ दिसला की आधी परवानगी पाहायची.

बीडब्ल्यूलिमिटचा आकडा सेकंदाला किबीबाइटमध्ये असतो. ८०० म्हणजे साधारण ६.५ एमबीपीएस. पूर्ण १० घेतले तर त्याच लाइनवरचे व्हिडिओ कॉल अडखळतात.

'-झेड' (पाठवताना दाबणं) घालायचं नाही. फ्लॅक आधीच दाबलेली असते. प्रोसेसर तापतो, बाइट वाचत नाहीत.

आणि स्रोत फोल्डरच्या नावापुढची तिरपी रेघ. 'मुद्रण/' लिहिलं तर आतल्या फाइली जातात, 'मुद्रण' लिहिलं तर फोल्डरसकट जातात. सर्व्हरवर 'मुद्रण/मुद्रण' तयार झालं की आधी वाटलेल्या लिंक जुन्याच फाइलींकडे बोट दाखवत राहतात. पहिल्यांदा '-एन' लावून कोरडी फेरी करायची आणि यादी डोळ्याखालून घालायची.

१४ जुलै

चूक-संदेश आणि कॉन्फिगचे तुकडे एकमेकांना दाखवायला टर्मबिन: कमांडच्या शेवटी पाइप करून (उभ्या रेघेनं तिचं उत्तर पुढच्या कमांडला देऊन) 'एनसी टर्मबिन.कॉम ९९९९'. लगेच लिंक हातात येते. मजकूर वाटेत कूटबद्ध नसतो आणि आपल्याला तो पुसता येत नाही. कॉन्फिगमधली गुप्त ओळ आधी सेडनं (मजकूर बदलणारी कमांड) गाळायची, मगच पाइप. मुद्रणाशी संबंधित काहीही तिथे नाही.

१९ जुलै

आजचा पूर्ण दिवस नावांवर गेला आणि तो जायलाच हवा होता.

'कऱ्हाड' हा शब्द पडद्यावर एकसारखा दिसतो, पण संगणकात तो तीन प्रकारे लिहिलेला सापडतो. पहिला: ऱ हे स्वतंत्र अक्षर, पुढे हलन्त आणि ह. यूटीएफ-८ मध्ये १८ बाइट. दुसरा: र, मग नुक्ता, मग हलन्त. २१ बाइट. तिसरा: र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह, ज्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात. तोही २१ बाइट, पण बाइट वेगळेच. हे तिन्ही डोळ्यांना एक आणि सर्व्हरला तीन वेगळी नावं. तंबोऱ्याची, साताऱ्याला, दुसऱ्या, कोपऱ्यात: मराठीत हा र पावलोपावली येतो. हिंदीत त्याची गरज पडत नाही, त्यामुळे बाहेरच्या कुठल्या मार्गदर्शक पानावर या अडचणीचा उल्लेख मिळेल अशी आशा ठेवू नये.

कुठून येतात हे प्रकार? पहिला बहुतेक इनस्क्रिप्ट कीबोर्डवरून. तिसरा काही ध्वन्यात्मक कीबोर्ड आणि जुन्या फाँटमधून रूपांतरित केलेल्या मजकुरातून. दुसरा मॅककडून: जुनी एचएफएस प्लस डिस्क फाइलचं नाव साठवतानाच अक्षरं विलग करते, आणि ऱचा र अधिक नुक्ता होतो. नव्या एपीएफएसवर दिलेलं नाव तसंच राहतं आणि दोन्ही रूपं एकच मानली जातात, म्हणून मॅकवर बसलेल्याला काही बिघडलं आहे हे कळतच नाही. लिनक्सवर मात्र बाइट वेगळे म्हणजे फाइल वेगळी. लक्षण असं की लिंक नजरेला अचूक दिसते आणि ४०४ (फाइल सापडली नाही) येतो, किंवा आरसिंक तीच फाइल 'नवी' म्हणून पुन्हा चढवतो.

तपासायचं कसं: 'प्रिंटएफ' नं नाव छापून 'डब्ल्यूसी -सी' मध्ये पाइप करायचं आणि बाइट मोजायचे. शंका असली तर 'एक्सएक्सडी' मध्ये पाहायचं. दुरुस्ती: विलग अक्षरं जोडायला 'कॉन्व्हएमव्ही -एफ यूटीएफ८ -टी यूटीएफ८ --एनएफसी -आर'. ही कमांड नुसती काय बदलेल ते दाखवते. प्रत्यक्ष बदल '--नोटेस्ट' घातल्यावरच होतो. तिसऱ्या प्रकारावर मात्र एनएफसीचा इलाज चालत नाही. युनिकोडच्या नियमांनुसार जोडचिन्हाचा प्रकार आणि ऱ हे समतुल्य नाहीत, त्यामुळे ती जागा स्वतंत्रपणे शोधून बदलावी लागते.

लांबीचंही पाहिलं. लिंकमध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह टक्केवारीच्या खुणांसह ९ अक्षरं घेतं. 'तंबोऱ्याची' या एका शब्दात १० चिन्हं आहेत, म्हणजे लिंकमध्ये ९० अक्षरं. अशी लिंक मेसेजमध्ये दोन ओळींत मोडते आणि बोट लावलं की अर्धीच उघडते. तिचा क्यूआर इतका दाट होतो की साध्या फोनला तो वाचवत नाही.

निर्णय: सर्व्हरवरच्या फाइलींची नावं रोमन लहान अक्षरं, अंक आणि आडवी रेघ एवढ्यातच. वाद्य क्रमांक, तारीख, जवारीचा टप्पा. मराठी नाव, लाकूड, तारांची जुळणी आणि कारागिरानं स्वतःच्या शब्दांत केलेलं वर्णन फाइलच्या आत, फ्लॅकच्या टॅगमध्ये. ते टॅग यूटीएफ-८ असतात, तिथे मराठी सुरक्षित राहतं. मराठी नाव फाइलवरून जातं याचं वाईट वाटतं, पण टॅगमध्ये ते आवाजासोबत पुढे जातं आणि फाइलचं नाव कुणी बदललं तरी हरवत नाही.

त्याच फोल्डरमधली मराठी माहिती-फाइल ब्राउझरमध्ये उघडली तर अक्षरांऐवजी चित्रविचित्र खुणा दिसत होत्या. फाइल ठीक होती. एन्जिनएक्स साध्या मजकुराला संकेतन सांगत नव्हता. 'चारसेट यूटीएफ-८;' ही एक ओळ घातली.

२४ जुलै

लिंक कुणाला उघडेल, हा प्रश्न आज सोडवला. ही मुद्रणं कारागिरांनी ठरावीक लोकांसाठी करू दिली आहेत. त्यामुळे 'लिंक कुणाला सापडणार आहे' यावर विसंबणं चालणार नाही.

दोन थर केले. पहिला: फोल्डरचं नाव 'ओपनएसएसएल रँड -हेक्स १६' नं काढलेलं. ३२ अक्षरं, १२८ बिट, अंदाजानं सापडण्यासारखं नाही. एन्जिनएक्समध्ये फोल्डरची यादी मुळातच बंद असते. ती चालू करायची नाही. दुसरा: सिक्युअर लिंक मॉड्यूल, म्हणजे लिंकमधली खूण आणि मुदत तपासणारा एन्जिनएक्सचा भाग. ते बसवलेलं आहे का हे 'एन्जिनएक्स -मोठा व्ही' सांगतो; त्याचा मजकूर चूक-प्रवाहात जातो, ग्रेपला द्यायचा तर '२>&१' आधी लावायचं.

मुदतीची वेळ, फाइलचा मार्ग आणि गुप्त शब्द यांचा एमडी५ (मजकुरावरून निघणारा ठसा) काढायचा; तीच लिंकमधली खूण: 'ओपनएसएसएल एमडी५ -बायनरी', मग बेस६४, मग टीआरनं अधिकचिन्हाची आडवी रेघ, तिरप्या रेघेची अधोरेघ, आणि शेवटची बरोबरची चिन्हं गाळायची. मुदत 'डेट -डी' ला '+१५ डेज' देऊन सेकंदांत. खूण चुकली तर ४०३ आणि मुदत संपली तर ४१० द्यायचं असं कॉन्फिगमध्ये लिहिलं आहे. दोन्ही वेगळे ठेवले, कारण ४१० दिसला की घेणारा सरळ 'नवी लिंक द्या' म्हणू शकतो.

मार्गाचा एमडी५ काढताना टक्केवारीच्या खुणांचं रूप नव्हे, मूळ बाइट घ्यायचे. एन्जिनएक्स आपल्या बाजूला मार्ग आधी उलगडतो. नावं आता रोमन असल्यानं हा प्रश्न उरला नाही, पण कुणी पुन्हा देवनागरी नाव घातलं तर ४०३चं कारण इथे शोधावं.

सगळ्यात जास्त वेळा फसवणारी गोष्ट अगदी साधी आहे. या लिंकमध्ये अँड चिन्ह असतं. टर्मिनलमध्ये लिंक सिंगल कोटमध्ये घातली नाही, तर शेल अँडपाशी कमांड तोडून पार्श्वभूमीला पाठवतो, मुदतीचा भाग सर्व्हरपर्यंत पोचतच नाही आणि ४०३ येतो. म्हणून लिंक पाठवतानाच कोटसकट पूर्ण कमांड पाठवायची.

एकदाच उघडणारी लिंक हा पर्याय सोडून दिला. काही मेसेजिंग सेवा पूर्वदृश्य दाखवण्यासाठी लिंक स्वतःच्या सर्व्हरवरून आधी उघडतात. माणसाच्या हाती येण्याआधीच ती संपून जाते.

२८ जुलै

घेणाऱ्यांसाठीची कमांड: 'कर्ल -एफ -मोठा एल -मोठा सी - -ओ नाव 'लिंक''. 'एफ' लहान, आणि तो विसरायचा नाही. तो नसेल तर ४०३चं छोटंसं पान फ्लॅकच्या नावानं साठतं. पुढच्या वेळी बरोबर लिंक दिली की '-मोठा सी -' त्या पानाच्याच शेपटीला फाइलचा उरलेला भाग चिकटवतो. आकार अगदी बरोबर भरतो, पण सुरुवातच खोटी असल्यानं फाइल वाजत नाही. 'एफ' असला की कर्ल काही न साठवता २२ क्रमांकानं बाहेर पडतं.

कऱ्हाडला विंडोज आहे. विंडोज १० मध्ये २०१८ पासून कर्ल आलेलंच असतं, पण जुन्या पॉवरशेलमध्ये 'कर्ल' हे दुसऱ्याच कमांडचं टोपणनाव आहे आणि वरचे पर्याय त्याला कळत नाहीत. 'कर्ल.ईएक्सई' असं पूर्ण लिहायचं. साधी कमांड प्रॉम्प्ट वापरणार असाल तर लिंकला डबल कोट, तिथे सिंगल कोट चालत नाहीत.

फोनवर ऐकणाऱ्यांसाठी 'क्यूआरएन्कोड -टी एएनएसआययूटीएफ८'. टर्मिनलमध्येच क्यूआर उमटतो. खिडकीत मावत नसल्यानं वाचला जात नसेल तर खिडकी मोठी करून अक्षर लहान करायचं.

२ ऑगस्ट

दोघंही एकाच वेळी बसलेले असतील तर आपला सर्व्हर मध्ये घालायची गरज नाही. लहान फाइलींना मॅजिक वर्महोल: 'वर्महोल सेंड', पडद्यावर एक आकडा आणि दोन इंग्रजी शब्द येतात, ते फोनवर सांगायचे. दोन शब्दांच्या ६५,५३६ जोड्या होतात. त्रयस्थाला अंदाज करायची एकच संधी मिळते आणि चुकला की तो संकेत बाद. शब्द लहान असूनही हे पुरतं ते त्यामुळेच. हे शब्द फोनवर स्पेलिंगसकट सांगायचे, किंवा घेणाऱ्यानं टॅब दाबून पूर्ण करून घ्यायचे.

तासाभराच्या फाइलीला क्रॉक. वर्महोलचं तुटलेलं पाठवणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. क्रॉक राहिलेल्या ठिकाणापासून पुढे नेतं. साताऱ्याला मोठ्या फाइली याच मार्गानं द्यायच्या. लिनक्स आणि मॅकवर क्रॉकच्या नव्या आवृत्त्या संकेत कमांडच्या ओळीत घेत नाहीत, 'क्रॉक_सीक्रेट' या चलात मागतात (टंकताना सगळी मोठी अक्षरं). कारण रास्त आहे: कमांडची ओळ त्याच संगणकावरच्या इतरांना पीएसमध्ये (चालू कमांडच्या यादीत) दिसते. तोच नियम आपल्या लिंक बनवणाऱ्या स्क्रिप्टला लावला. गुप्त शब्द ६०० परवानगीच्या फाइलमधून वाचायचा, ओळीत लिहायचा नाही.

६ ऑगस्ट

पोचल्याची खात्री घेणाऱ्याला स्वतः करता यायला हवी. 'पोचलं' हा निरोप पुरावा होत नाही. प्रत्येक फोल्डरमध्ये 'शा२५६सम' ची (फाइलींच्या बाइटवरून काढलेल्या ठशांची) यादी ठेवली. घेणाऱ्यानं 'शा२५६सम -सी' चालवायचं. विंडोजवर 'सर्टयुटिल -हॅशफाइल', पुढे फाइलचं नाव आणि 'शा२५६'. यादी विंडोजवर उघडून साठवू नये. ओळींच्या शेवटी जादा चिन्ह येऊ शकतं आणि जुन्या लिनक्सवर 'फाइल सापडत नाही' असं उत्तर मिळतं, फाइल समोर असताना.

फ्लॅकमध्ये याहून सुंदर सोय आहे. फाइलच्या शीर्षात उलगडलेल्या आवाजाचा एमडी५ लिहिलेला असतो. 'फ्लॅक -टी' पूर्ण फाइल उलगडून तो ताडतं. घेणाऱ्यानं टॅगमध्ये आपली टिपणं घातली की शा-२५६ बदलतो, पण हा आवाजाचा एमडी५ तसाच राहतो. म्हणून दोन्ही ठेवायचे: वाहतुकीसाठी शा-२५६, आणि वर्षभरानं कुणाकडून परत आलेली प्रत तपासायला 'मेटाफ्लॅक --शो-एमडी५सम'.

११ ऑगस्ट

मुदत संपलेल्या फाइली सर्व्हरवरून काढायचं क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) घातलं. इथे एक सापळा आहे. 'फाइंड -एमटाइम +३०' लिहिलं, तर जूनमधली मुद्रणं आज चढवूनही रात्रीच पुसली जातील, कारण आरसिंकचा '-ए' मूळ तारीख जपतो. 'सीटाइम' घ्यायचा, तो फाइल सर्व्हरवर उतरली तेव्हाचा असतो. नंतर चमॉड केलं की सीटाइम पुढे सरकतो, तेवढं ध्यानात ठेवायचं. सुरुवातीला '-डिलीट' ऐवजी '-प्रिंट' लावून यादी पाहायची.

एखाद्या कारागिरानं परवानगी मागे घेतली तर त्या वाद्याच्या फोल्डरचं नाव नव्यानं काढायचं. जुन्या लिंक तिथल्या तिथे थांबतात, बाकीच्या चालू राहतात. सगळ्याच थांबवायच्या असतील तर गुप्त शब्द बदलायचा, 'एन्जिनएक्स -टी' नं कॉन्फिग तपासायचं आणि रीलोड. आधी उतरवून घेतलेली प्रत मात्र परत येत नाही. परवानगीच्या कागदावर हे वाक्य मराठीत घातलं आहे आणि सही घेण्याआधी ते वाचून दाखवायचं.